लॉन आणि बागेचे पावसाळी पाणी तलावात उतरण्याआधी कसे अडवावे?

तलावकाठ (भंडारा जिल्हा)

नमस्कार मंडळी. आमचे गाव साकोलीच्या बाजूला आहे आणि गावाला जुना मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातला) तलाव आहे. त्यावर बांध्यांचे, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरांचे, ओलित होते, ढिवर बांधवांची मासेमारी चालते आणि गुरांचे पाणीही तिथेच होते. या तलावाच्या येव्यात, म्हणजे ज्या चढावरून पाणी तलावात येते तिथे, अलीकडे तीन गोष्टी उभ्या राहिल्या आहेत. एक लग्नसमारंभाचे लॉन, दुसरी शाळेची बाग आणि तिसरे ग्रामपंचायतीचे छोटे उद्यान. तिन्ही ठिकाणी मृग नक्षत्राच्या तोंडावर खत टाकले जाते, तण मारण्यासाठी फवारणी होते आणि कापलेले गवत नाल्याच्या काठावर रचले जाते. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की नाल्याचे पाणी तपकिरी होऊन तलावात उतरते, आणि पुढे उघाड पडली की येव्याच्या बाजूने तलाव हिरवा दिसू लागतो.

लॉन बंद करा, असे माझे म्हणणे नाही. त्यावर गावातल्या काही घरांची चूल पेटते आणि शाळेची बाग तर मुलांनीच फुलवली आहे. मला विचारायचे ते एवढेच की हे खत, औषध आणि माती पावसाच्या पाण्याबरोबर तलावात जाऊ नये यासाठी कमी खर्चात काय करता येईल? पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे, म्हणून कृपया करून पाहिलेले उपाय सांगावेत.

कास्तकार_पवनी

गुरुजी (आपण शिक्षक असावेत असा माझा अंदाज आहे), प्रश्न चांगला आहे, पण नेम चुकतो आहे असे मला वाटते. तलावाभोवती शेकडो एकर धान असेल आणि त्याला युरिया, डीएपी, सुपर फॉस्फेट हे सर्व पडते. त्याच्यापुढे अर्ध्या एकराचे लॉन म्हणजे काय? उद्या ठराव होईल, लॉनवाल्याला नोटीस जाईल, आणि आम्ही सारे आपापल्या वावरात पोती रिकामी करीत राहू. तलाव हिरवा तो हिरवाच राहील.

ढिवरपोर

कास्तकार भाऊंचे म्हणणे अर्धे खरे आहे. आमच्या संस्थेच्या तलावात कटला, रोहू आणि मृगळ सोडतो. पाणी दाट हिरवे झाले की पहाटे मासा वर येऊन तोंड उघडतो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्रभर तेच शेवाळ आणि तळाला कुजणारा पाला मिळून प्राणवायू खातात, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी पाण्यात तो सर्वांत कमी असतो. ढगाळ हवा लागोपाठ राहिली तर मासळी उलटून पडते. लोक म्हणतात, कोणी विष टाकले. विष कोणी टाकलेले नसते. नाल्याने आलेले खत आणि सडके गवत एवढेही पुरे होते. तेव्हा नेम कोणावर धरायचा हे आपण ठरवा, पण नाल्याच्या तोंडाशी काहीतरी करा.

मोरांड_माती

मी मृदाशास्त्राचा विद्यार्थी होतो, म्हणून कास्तकार भाऊंच्या मुद्द्याला थोडे सविस्तर उत्तर देतो.

किती क्षेत्रावर खत पडले यापेक्षा ते क्षेत्र तलावाशी कसे जोडलेले आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. धानाची बांधी चारी बाजूंनी धुऱ्याने, म्हणजे मातीच्या बांधाने, बंद असते. तिच्यात पाणी थांबते, गाळ खाली बसतो आणि खताचा बराच भाग पीक घेते. धुरा फुटला किंवा रोवणीनंतर लगेच पाणी सोडले तर खत वाहते, हे मान्य. पण बांधीची रचनाच पाणी धरण्याची आहे. लॉनची रचना नेमकी उलट असते. पाहुण्यांच्या पायाखाली चिखल होऊ नये म्हणून त्याला उतार दिलेला असतो, कडेने सिमेंटची नाली असते आणि ती नाली सरळ ओढ्यात सोडलेली असते. म्हणजे अर्ध्या एकरावर पडलेल्या खताला तलावापर्यंत वाटेत कोणी अडवणाराच नसतो.

आता हिशेब पाहा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे जवळपास २१ किलो. हे एक पोते अर्ध्या एकरावर एका दिवशी फेकले तर हेक्टरी सुमारे १०० किलो नत्राचा हिशेब होतो. धानाला जेवढे नत्र सबंध हंगामात दोन-तीन हप्त्यांनी देतात, जवळपास तेवढे लॉनला एका दुपारी मिळते. गवताला ते एकदम घेता येत नाही. त्याच रात्री ५० मिलिमीटर पाऊस आला, तर अर्ध्या एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे गणित शाळेच्या मुलांनाही करता येईल.

पाणकोंबडी

लग्नात अक्षता टाकाव्यात तसा मूठ भरभरून युरिया टाकणारा माळी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. फरक इतकाच की अक्षता निदान नवरदेवाच्या डोक्यावर तरी पडतात.

कास्तकार_पवनी

मोरांड भाऊ, धुऱ्याचा मुद्दा पटला. परंतु आजकालचा युरिया कडुनिंबाचे आवरण असलेला येतो. तो हळूहळू विरघळतो ना? मग वाहून कसा जाईल?

मोरांड_माती

२०१५ पासून देशात बनणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे झाले, हे बरोबर आहे. पण त्या आवरणामुळे मुख्यतः जमिनीतील नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्याचा वेग कमी होतो. दाणा जमिनीच्या वरच पडून राहिला आणि तासाभरात मुसळधार पाऊस झाला तर युरिया पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच जाणार, त्याला कडुनिंब काय करील? युरिया टाकल्यावर हलके पाणी द्यावे म्हणजे तो मुळांच्या थरात उतरतो आणि हवेतही उडत नाही. जोराचा पाऊस हे काम करीत नाही, तो धुऊन नेतो.

स्फुरदाचे (फॉस्फरसचे) गणित निराळे आहे. ते मातीच्या कणांना चिकटते आणि गाळाबरोबर प्रवास करते. म्हणून नत्र अडवायचे तर वेळ सांभाळावी लागते आणि स्फुरद अडवायचे तर माती अडवावी लागते. तलावाच्या गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा स्फुरदाच्या तुटवड्यामुळे आटोक्यात असते, त्यामुळे तलावाच्या दृष्टीने डीएपीचे पोते युरियाच्या पोत्याहून जास्त घातक ठरू शकते. ५० किलोच्या डीएपीत २३ किलो फॉस्फेट असते. एकदा रुजलेल्या लॉनला माती परीक्षणात कमतरता दिसल्याखेरीज त्याची गरज नसते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तळी फार आहेत. तिथे २००५ पासून राज्यभर रुजलेल्या लॉनवर स्फुरदयुक्त खत टाकण्यास कायद्याने मनाई आहे. नवीन लॉन लावताना किंवा परीक्षणात कमतरता दिसल्यास तेवढी सूट आहे.

माळी_मोहर्ली

मी ताडोबाच्या बाजूला एका पर्यटक निवासात बाग सांभाळतो. वर माळ्यावर विनोद झाला तो ठीक आहे, पण माळी मूठ भरून खत का टाकतो हे कोणी विचारले नाही.

आमच्याकडे बागेचे काम ठेक्याने चालते. ठेक्यात खताची पोती, औषधाचे डबे आणि महिन्याला इतक्या कापण्या असे लिहिलेले असते. पोती टाकली नाहीत तर बिल कापले जाते. मालकाला जुलैत हिरवा गालिचा हवा असतो, आणि उन्हाळाभर लग्नाच्या मांडवाखाली दबलेले गवत जूनमध्ये पिवळे असते. मग ठेकेदार सांगतो, पाऊस यायच्या आधी सगळी पोती टाकून मोकळा हो, पाऊस आपोआप पाणी देईल. माळ्याला नियम ठाऊक नसतो असे नाही, त्याच्या हातात कागद दुसराच असतो.

आमच्या इथे नवीन व्यवस्थापकांनी तो कागद बदलला. आता खत कापणीनंतर, थोडे थोडे, आणि हवामान खात्याचा जोरदार पावसाचा इशारा नसेल तेव्हाच टाकतो. जूनमध्ये पहिला पाऊस होऊन गवताला नवे फुटवे येईपर्यंत काहीच टाकत नाही, कारण तोपर्यंत मुळे खत घेण्याच्या अवस्थेत नसतात. नाल्याकडची पट्टी आम्ही कापायचेच सोडून दिले. सुरुवातीला पाहुणे विचारायचे की इथे गवत का वाढले आहे. आता त्या पट्टीत मुनिया पक्षी येतात, म्हणून तेच पाहुणे तिथे फोटो काढतात.

तलावकाठ

माळीभाऊ, ही माहिती माझ्यासाठी नवीन आहे. ग्रामपंचायतीच्या उद्यानाच्या कामाचा कागद मी आज पाहिला. त्यातही खत पोत्यांच्या संख्येत आणि तणनाशक लिटरमध्ये लिहिलेले आहे. कोणते खत, कशासाठी, केव्हा, याचा उल्लेख नाही.

वरुडचा_बागवान

आमच्या वरुड-मोर्शी भागात लॉन कमी आणि संत्र्याच्या बागा जास्त. पण प्रश्न तोच आहे. पूर्वी दोन ओळींमधली जागा तणनाशक मारून अगदी चकचकीत ठेवण्याची पद्धत होती. शेजाऱ्याला बाग स्वच्छ दिसली पाहिजे असा त्यामागचा आग्रह. पाऊस आला की वरची माती, शेणखत, सगळे चुडामणी नदीच्या दिशेने. आता बरेच जण ओळींमधले गवत राहू देतात, फक्त कापतात, आणि कापलेले गवत झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालतात. माती थांबते आणि ओलही टिकते. खोडाला बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) लावताना मात्र सांडलेले मिश्रण नालीत जाऊ देऊ नये, कारण त्यातले तांबे पाण्यातल्या जिवांना घातक असते. ही गोष्ट आमच्याकडेही फारशी कोणी पाळत नाही.

शेवंता_बचतगट

कापलेल्या गवताबद्दल कोणी बोलेल म्हणून वाट पाहत होते. ढिवर भाऊंनी सडक्या गवताचा उल्लेख केला तो फार महत्त्वाचा आहे. हिरव्या गवतात नत्र भरपूर असते आणि स्फुरदही असते. नाल्याकाठी ढीग रचला की पहिल्या पावसात त्यातून काळपट पाणी झिरपते आणि थेट तलावात जाते. खत न टाकताही तलावाला खत मिळते!

आमच्या गटाने एका लॉनच्या मालकांशी बोलून ते गवत आणि झाडांचा पाला घेणे सुरू केले. कोरडा पाला आणि हिरवे गवत थर देऊन, मध्ये शेण घालून गांडूळखत करतो आणि तेच खत त्यांना विकतो. मालकाला ढीग उचलण्याचा त्रास राहिला नाही. एक अट मात्र आम्ही घातली आहे: तणनाशक मारलेले गवत घेणार नाही. गांडूळ मेले तर मेले, वर खत ज्या भाजीला घालू ती भाजीही वाकडी होते.

खताचा बेड छपराखाली असावा आणि शेणाचा ढीग पावसात उघडा नसावा, हेही ठरावात लिहा. ताडपत्रीला फार खर्च येत नाही.

दारव्हेकर

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो आहे. तणनाशकाच्या विषयावर थोडे गंभीर बोलावे लागेल. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कीटकनाशकांची फवारणी होती आणि कापसावरची होती, पण त्यानंतरही लॉनवर, रस्त्याकडेला, अगदी शाळेच्या पटांगणात औषध मारणारा माणूस तोंडाला साधा रुमाल बांधूनच असतो. ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. आपल्या गावात तण मारणारा माणूस कोणत्या व्याख्येत बसतो ते आपणच पाहावे.

तलावाच्या दृष्टीने सर्वांत वाईट सवय म्हणजे फवारणीचा पंप तलावात किंवा नाल्यात धुणे. सबंध लॉनवरून पावसाने जेवढे औषध आणले नसते, तेवढे एका धुण्यात पाण्यात जाऊ शकते. पंप लॉनवरच धुवावा आणि ते पाणी त्याच गवतावर पसरवून टाकावे. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणीही पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडून ठेवावीत, म्हणजे कोणी त्यात पाणी भरणार नाही. लॉनमधल्या वाळवीसाठी आणि किड्यांसाठी जी औषधे ओततात त्यांपैकी सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधे माशांना अतिशय विषारी असतात. शाळेच्या बागेत तर तणनाशकाचे काही कामच नाही. निंदण करायला खुरपे आहे, आणि मुलांनाही हात आहेत.

पाणकोंबडी

मुलांच्या हातात खुरपे दिले म्हणून पालक उद्या शाळेत येतील, त्याचाही ठराव करून ठेवा, गुरुजी.

लोणारची_लेक

खत वाहून गेल्यानेच २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, असे आमच्याकडे काही जण अजून सांगतात, म्हणून विषय निघाला आहे तर स्पष्ट करते. त्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली, क्षार वाढले आणि खारटपणात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे रंग आला. सगळ्या रंगांचा दोष खताला देता येत नाही. मात्र सरोवराच्या काठावरून येणारे शेतीचे आणि वस्तीचे पाणी ही तिथली वेगळी आणि खरी काळजी आहे. आपल्या तलावाचा हिरवा रंग शेवाळाचा आहे की जलपर्णीचा, हे आधी पाहून घ्यावे. काचेच्या ग्लासात पाणी घेतले की सबंध ग्लास हिरवा दिसतो की वर तरंगणारा थर वेगळा होतो, एवढे तरी घरी पाहता येते. वर रंग सांडल्यासारखा निळसर हिरवा थर जमत असेल, तर त्या बाजूला गुरांना पाणी पाजू नये, कारण अशा शेवाळाच्या काही जाती विषारी असतात.

नाल्याचा_इंजिनिअर

माझा संबंध जलसंधारणाच्या कामांशी आहे. नाल्याच्या तोंडाशी काय करावे याविषयी लिहितो.

पहिली गोष्ट, लॉनची नाली ओढ्यात सोडण्याआधी मोडा. मोडा म्हणजे तिचे पाणी एका पसरट खोलगट वाफ्यात वळवा. वाफ्याच्या तोंडाशी दगड लावा, म्हणजे पाण्याचा जोर मोडेल. तिथेच दोन फूट खोलीची गाळकुंडी करा. वाफ्यानंतर तलावाच्या दिशेने किमान दहा-पंधरा फुटांची दाट गवताची पट्टी राखा. त्या पट्टीवर खत नाही, औषध नाही, आणि कापणी केलीच तर उंच ठेवून. पाणी त्या पट्टीवरून पातळ थराने पसरून गेले पाहिजे; एका जागी चर पडला की सगळे पाणी त्यातूनच धावते आणि पट्टीचा उपयोग संपतो. उताराला आडवी वाळ्याची एक ओळ लावली तर पाणी पसरायला मदत होते. हरळी तर आपल्याकडे फुकट मिळते आणि माती धरण्यात तिला तोड नाही.

दुसरी गोष्ट, लॉन स्वतःच पाणी पिईल असे करा. लग्नाच्या हंगामात मांडवाचे ट्रक, खुर्च्या आणि हजारो माणसांचे पाय यांमुळे माती दगडासारखी दबलेली असते, आणि त्यानंतर लगेच पावसाळा येतो. मे महिन्याच्या शेवटी हलके पाणी देऊन काटेरी रोलर फिरवावा किंवा पहारीने भोके पाडावीत, त्यात वाळू आणि चाळलेले शेणखत झाडून भरावे. गवत अडीच-तीन इंच उंच ठेवले की मुळे खोल जातात. एवढ्याने वाहणारे पाणी लक्षात येण्याइतके कमी होते.

खारपाण_अकोट

इंजिनिअर साहेब, आपला वाफा पूर्व विदर्भातल्या हलक्या खरडी-सिहार मातीत किंवा मुरमाड जागेत चालेल. आमच्या काळ्या मातीत तो डबके होईल. ही माती कोरडी असताना भेगांतून पाणी पिते, पण एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पाणी वरच उभे राहते. आमच्याकडे एका ठिकाणी असाच खोलगट वाफा केला. श्रावणभर त्यात पाणी आणि पाण्यात डास. शेवटी लोकांनी तो बुजवला.

नाल्याचा_इंजिनिअर

आपला आक्षेप योग्य आहे. काळ्या मातीत वाफा उथळ आणि लांब करावा लागतो, तळाशी गिट्टी आणि वाळूचा चर घालून त्याला बाहेर जाण्याची वाट द्यावी लागते. पाणी दोन दिवसांत उतरले पाहिजे, म्हणजे डासांची पैदास पूर्ण होत नाही. तेही जमत नसेल तर वाफ्याचा नाद सोडून केवळ गवताची रुंद पट्टी आणि गाळकुंडी यांवर भर द्यावा. साकोलीकडे माती कोणती आहे, हे तलावकाठ यांनी खड्डा खणून, त्यात पाणी ओतून पाहावे.

ढिवरपोर

नाल्याच्या तोंडाशी आता बेशरम (पाणथळ जागी वाढणारे झुडूप) माजली आहे. काही जण म्हणतात की ती गाळ अडवते, राहू द्या. मला ते पटत नाही, पण इथल्या जाणकारांचे मत हवे आहे.

मोरांड_माती

बेशरम गाळ अडवते हे खरे आहे, पण ती तलावातच पुढे सरकत जाते, उथळ भाग गिळते आणि तिचा पाला पुन्हा पाण्यातच कुजतो. म्हणजे जे खत तिने उचलले ते परत तलावालाच मिळते. गाळ अडवायचा तो तलावाच्या बाहेर, जिथून फावड्याने काढता येईल तिथे. बेशरम मुळासकट काढल्यावर ती जागा मोकळी ठेवू नये, नाहीतर ती पुन्हा येते. देवधान (जंगली धान) आणि इतर स्थानिक पाणवनस्पती तिथे लावाव्यात. माशांच्या पिलांना आणि पाखरांना त्यांचा आधारही होतो.

कास्तकार_पवनी

एक भर घालतो. तलावाचा गाळ काढून वावरात टाकायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजनाही आली. तलावात गेलेले खत गाळातच बसलेले असते. मग लॉनला आणि शाळेच्या बागेला विकतचे डीएपी कशाला? उन्हाळ्यात हाच गाळ चाळून टाका. अट एवढीच की तो पसरून मातीत मिसळावा आणि पावसाआधी वर गवत रुजलेले असावे, नाहीतर गाळ आला त्याच वाटेने परत जाईल.

आणि माझा पहिला मुद्दा मी अजून सोडलेला नाही. ठरावात बांध्यांचाही उल्लेख हवा. धुरे फुटू न देणे आणि खत टाकल्यावर काही दिवस बांधीचे पाणी न सोडणे, एवढे आम्हालाही लागू करा. मग लॉनवाल्याला वाईट वाटणार नाही.

माळी_मोहर्ली

कास्तकार भाऊंशी मी सहमत आहे. एकाच्या नावाने ठराव झाला की दुसऱ्या दिवशी ते गावातले भांडण होते.

निस्तार_हक्क

कायद्याच्या बाजूने थोडेसे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव सहसा जिल्हा परिषदेच्या लघु सिंचन विभागाकडे असतात. म्हणून तलावाच्या हद्दीत गाळकुंडी खणायची असेल तर त्या विभागाला आधी पत्र द्यावे. गावाच्या निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांच्या नोंदीची, नक्कल काढून ठेवावी. गुरांच्या पाण्याचा आणि इतर वापराचा हक्क त्यात नोंदलेला असेल तर ठरावाला बळ येते. लॉन खासगी जमिनीवर आहे, तेव्हा मालकाला सभेच्या आधी घरी जाऊन भेटावे. सभेत पहिल्यांदा ऐकवले तर तो वकील आणतो.

तलावकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लॉनच्या मालकांना काल भेटलो. ते म्हणाले की ठेकेदार सांगतो तेवढी पोती ते आणतात, आणि पोती कमी झाली तर त्यांची हरकत असण्याचे कारणच नाही. नाली वळवायलाही ते तयार आहेत, पण लग्नाच्या दिवशी वाफा कुंपणाआड असावा, दिसू नये, एवढी त्यांची अट आहे. इंजिनिअर साहेब, आमच्या चढावरची माती खड्डा खणून पाहिली. वर हलकी आणि खाली मुरूम आहे, पाणी रात्रीतून उतरले. त्यामुळे वाफा जमेल असे दिसते.

ठरावाचा मसुदा असा करतो आहे. येव्यातील कोणत्याही लॉनवर, बागेत किंवा उद्यानात माती परीक्षणाशिवाय स्फुरदयुक्त खत टाकू नये. जोरदार पावसाचा इशारा असताना खत किंवा फवारणी करू नये. ग्रामपंचायतीच्या ठेक्यात पोत्यांची संख्या न लिहिता गवताची स्थिती आणि परीक्षणाचा अहवाल यांवर देयक ठरवावे. कापलेले गवत बचत गटाला द्यावे. पंप तलावात किंवा नाल्यात धुवू नये. बांधीत खत टाकल्यावर काही दिवस बांधीचे पाणी सोडू नये आणि धुरे दुरुस्त ठेवावेत. तलावाच्या बाहेर गाळकुंडी व गवताची पट्टी राखावी. शाळेच्या बागेत तणनाशक वापरू नये.

दारव्हेकर

मसुदा चांगला आहे. माती परीक्षणाचा नमुना खत टाकण्याच्या आधी, उन्हाळ्यातच घ्या. साकोली किंवा सिंदेवाही, जे कृषी विज्ञान केंद्र जवळ पडेल तिथे चौकशी करा. पावसाळ्याच्या तोंडावर प्रयोगशाळेत नमुन्यांची गर्दी होते.

ढिवरपोर

गुरुजी, गाळकुंडीतला गाळ दर पावसानंतर कोणी काढायचा ते मसुद्यात नाही. कुंडी भरली की ती असून नसल्यासारखीच, आणि पुढचा पाऊस आतला सगळा गाळ एकदम तलावात ओततो.

तलावकाठ

बरोबर आहे. लॉनची कुंडी मालकाकडे, शाळेची आणि उद्यानाची ग्रामपंचायतीकडे, आणि कुंडी निम्मी भरली की काढायची, असे वाक्य घालतो. निघालेला गाळ बचत गटाला हवा आहे का, शेवंताताई?

शेवंता_बचतगट

हवा आहे. फक्त त्यात लग्नाचे प्लास्टिकचे ग्लास आणि फुलांच्या माळांचे तार नसतील असे पाहा. मागच्या वेळी चाळणी फाटली होती.